एका पिकाची अनेक नावे : भिलाई-दुर्ग परिसरातील संशोधन आणि डिजिटल ग्रंथालयातील सूची

छत्तीसगडमधील भिलाई हे नाव उच्चारले की पोलाद कारखाना आठवतो. सोव्हिएत संघाच्या सहकार्याने उभारलेल्या या कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाली. मात्र भिलाई आणि तिला लागून असलेले दुर्ग शहर यांच्या सभोवती विस्तीर्ण भातपट्टा पसरलेला आहे, आणि या परिसरात ज्ञाननिर्मिती करणाऱ्या संस्थाही दाटीने वसलेल्या आहेत. आज भिलाईत असलेली भारतीय तंत्रज्ञान संस्था, म्हणजे आयआयटी, २०१६ मध्ये स्थापन झाली. राज्याचे स्वामी विवेकानंद तांत्रिक विद्यापीठ येथेच आहे. पशुवैद्यक व मत्स्यविज्ञानासाठीचे कामधेनू विद्यापीठ दुर्गजवळ अंजोरा येथे आहे आणि इंदिरा गांधी कृषी विद्यापीठ शेजारच्या रायपुरात आहे. धातुशास्त्र, अभियांत्रिकी, पशुवैद्यक आणि कृषी या चारही विद्याशाखांचे संशोधन अशा प्रकारे एकाच मातीवर चालते. ते संशोधन ज्या सूचींमध्ये नोंदले जाते, त्या मात्र एकमेकींशी क्वचितच बोलतात.

हा प्रश्न केवळ ग्रंथपालांचा नाही. झालेले संशोधन वेळेवर सापडले नाही, तर तोच प्रयोग पुन्हा केला जातो, अथवा अपुऱ्या माहितीवर शेतकऱ्याला सल्ला दिला जातो. गोंदिया, भंडारा, गडचिरोली आणि चंद्रपूर या जिल्ह्यांतील विस्तार कार्यकर्त्यांसाठी तर तो अधिकच जवळचा आहे. त्यांची पिके, त्यांच्या जमिनी आणि त्यांची पीकपद्धती छत्तीसगडच्या मैदानाशी बरीच मिळतीजुळती आहे. तेथील निष्कर्ष येथे उपयोगी पडू शकतात, पण त्यासाठी ते आधी हाती लागले पाहिजेत.

एकच जिल्हा, तीन राज्ये

शोधाची पहिली अडचण स्थळनामापासून सुरू होते. दुर्ग जिल्हा १९०६ मध्ये निर्माण झाला, तेव्हा तो मध्य प्रांतात होता आणि प्रांताची राजधानी नागपूर होती. त्याच वर्षी नागपूरचे कृषी महाविद्यालय स्थापन झाले. त्या काळातील छत्तीसगडच्या शेतीविषयीचे अहवाल त्यामुळे ‘मध्य प्रांत’ आणि पुढे ‘मध्य प्रांत व वऱ्हाड’ या नावाखाली नोंदलेले आढळतात. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर विदर्भ वेगळा झाला, दुर्ग मध्य प्रदेशातच राहिला आणि राजधानी भोपाळला गेली. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य अस्तित्वात आले. २०१२ मध्ये दुर्ग जिल्ह्यातून बालोद आणि बेमेतरा हे दोन जिल्हे वेगळे काढण्यात आले. म्हणजे १९९० मध्ये ‘दुर्ग जिल्हा’ म्हणून नोंदलेला एखादा प्रयोग प्रत्यक्षात आजच्या बेमेतऱ्यातील शेतावर झालेला असू शकतो.

विद्यापीठांच्या बाबतीतही हेच घडले. रायपूरचे कृषी महाविद्यालय १९६१ मध्ये सुरू झाले. १९६४ पासून ते जबलपूरच्या जवाहरलाल नेहरू कृषी विद्यापीठाच्या कक्षेत होते आणि १९८७ मध्ये रायपूरला स्वतंत्र विद्यापीठ झाले. साहजिकच १९८७ पूर्वी रायपुरात लिहिलेल्या प्रबंधांवर पदवी देणारी संस्था म्हणून जबलपूरचे नाव आहे. छत्तीसगडच्या भातशेतीवरील गेल्या शतकातील काम धुंडाळायचे असेल, तर नागपूर, जबलपूर आणि रायपूर अशी तीन दारे ठोठवावी लागतात.

यात भर म्हणजे ब्रिटिश काळातील इंग्रजी कागदपत्रांत दुर्गचे स्पेलिंग ‘ड्रग’ असे केले जात असे. जुन्या अहवालांचा शोध घेताना आजचे स्पेलिंग वापरले तर काहीच मिळत नाही, आणि जुने वापरले तर औषधांवरील हजारो नोंदी समोर येतात. सूचीत ‘ड्रग हे दुर्गचे पूर्वीचे लेखन’ अशी एका ओळीची जोडणी असेल तर हा घोळ टळतो. ग्रंथालयशास्त्रात अशा जोडणीला अधिकृत नाम-नोंद म्हणतात. प्रमाण नाव एक ठरवायचे आणि इतर सर्व रूपे त्याच्याशी बांधून ठेवायची, हे तिचे साधे तत्त्व आहे.

तिवरा, लाखोळी, खेसारी

स्थळनामाहून पिकाच्या नावाची गुंतागुंत मोठी आहे आणि तिचे परिणाम अधिक गंभीर आहेत. याचे बोलके उदाहरण म्हणजे छत्तीसगडच्या भातखाचरांत उभ्या भातात फेकून पेरले जाणारे कडधान्य. छत्तीसगडीत त्याला तिवरा किंवा लाखडी म्हणतात. पूर्व विदर्भात ते लाख, लाखोळी किंवा लाखोरी आहे, तर हिंदी-बंगाली पट्ट्यात खेसारी. इंग्रजीत त्याला ग्रास पी आणि चिकलिंग पी अशी दोन नावे आहेत. शास्त्रीय नाव मात्र एकच आहे, लॅथिरस सटायव्हस. ज्या पद्धतीने ते पेरले जाते, तिचीही नावे अनेक आहेत. छत्तीसगडात व पूर्व विदर्भात उतेरा, पूर्व भारतात पैरा आणि इंग्रजी शोधनिबंधांत रिले क्रॉपिंग.

भात कापल्यानंतर जमिनीत उरलेल्या ओलाव्यावर, मशागतीशिवाय आणि जवळजवळ खर्चाविना येणारे हे पीक आहे. पावसाने दगा दिला तरी ते तग धरते. त्याच्या दाण्यात ओडॅप नावाचे मज्जासंस्थेला घातक ठरणारे द्रव्य असते. हा दाणा कित्येक महिने आहाराचा मुख्य भाग राहिल्यास पाय लुळे पडण्याचा विकार जडू शकतो. दुष्काळात इतर पिके गेली आणि हेच उरले, की हा धोका वाढतो.

या एका पिकाविषयीचे ज्ञान किती ठिकाणी विखुरले आहे, हे पाहण्यासारखे आहे. या विकाराचे वर्णन आयुर्वेदात ‘कलायखंज’ या नावाने येते, म्हणजे ते संस्कृत वैद्यकाच्या विभागात आहे. मध्य भारतातील सागर परिसरात पिके बुडाल्यानंतर हे धान्य खाऊन तरुण माणसे पंगू झाल्याची हकिगत विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने १८४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींच्या पुस्तकात दिली आहे. ग्रंथालयात ते पुस्तक इतिहास किंवा प्रवासवर्णनाच्या कपाटात असते. रीवा आणि सतना भागांतील रुग्णांवरील विसाव्या शतकातील अभ्यास वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. १९६१ मध्ये अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांखाली या धान्याच्या विक्रीवर बंदी आली, तिची नोंद कायद्याच्या विभागात आहे. भारतीय शास्त्रज्ञांनी दाण्यातील विषारी द्रव्य वेगळे करून त्याची रचना निश्चित केली. तो शोधनिबंध १९६४ मध्ये जीवरसायनशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे रतन, प्रतीक आणि महातिवरा यांसारखे कमी ओडॅपचे वाण विकसित झाले. त्यांची माहिती पीक पैदासशास्त्रात आहे आणि भरपूर पाण्यात भिजवून वा उकळून ते पाणी टाकून दिल्यास विषाचे प्रमाण घटते, ही माहिती आहारशास्त्रात आहे.

ड्युई दशांश पद्धतीने ही कपाटे मांडली, तर रसायनशास्त्र ५४० मध्ये, वैद्यक ६१० मध्ये आणि शेतातील पिके ६३३ मध्ये जातात. कपाटात एका पुस्तकाला एकच जागा देता येते, त्यामुळे ही विभागणी अटळ होती. डिजिटल ग्रंथालयात तशी सक्ती उरत नाही. एकाच नोंदीला कितीही विषयांशी जोडता येते. तरीही जोडणी कोणीतरी करावी लागते. ती न केल्यास कपाटांच्या जुन्या भिंती संगणकातही उभ्या राहतात.

समजा, एखाद्या कृषी सहायकाने संगणकावर केवळ ‘लाख’ हा शब्द टाकला. त्याला पळस, बोर आणि कुसुम यांच्या झाडांवर किडीपासून मिळणाऱ्या लाखेविषयी माहिती मिळेल, कारण छत्तीसगडात तेही महत्त्वाचे उत्पादन आहे. आकड्यांतील ‘लाख’ असलेले अनेक अहवालही मिळतील. ज्या कडधान्याविषयी त्याला जाणून घ्यायचे आहे, ते या गर्दीत हरवेल. समजा, त्याने ‘लाखोळी’ हा शब्द वापरला. मराठी पुस्तिका मिळतील, पण ‘तिवरा’ या नावाने रायपुरात झालेले काम दिसणार नाही. विषाविषयीचे निबंध तर शास्त्रीय नावावाचून सापडणे कठीणच. उत्पादनवाढीची शिफारस हाती आली आणि विषाविषयीची सूचना निसटली, तर तो सल्ला अर्धवट राहील आणि धोका कुटुंबाच्या ताटात जाईल.

भट्टीतील मळी आणि आम्लधर्मी जमीन

भिलाईचे दुसरे उदाहरण थेट कारखान्याच्या आवारातून येते. पोलाद तयार करताना भट्टीत चुनखडी घालतात. ती लोखंडातील अशुद्ध द्रव्यांशी संयोग पावून मळी तयार होते, तिला कारखान्यात स्लॅग म्हणतात. झोतभट्टीची मळी सिमेंटसाठी वापरली जाते. पोलाद-भट्टीच्या मळीत कॅल्शियम आणि सिलिका दोन्ही असतात, म्हणून आम्लधर्मी जमीन सुधारण्यासाठी चुन्याऐवजी ती वापरता येईल का, हा प्रश्न कृषिशास्त्रज्ञांना जुनाच आहे. युरोपात थॉमस यांच्या १८७० च्या दशकातील पोलाद-प्रक्रियेतून निघणारी स्फुरदयुक्त मळी दळून ‘थॉमस मील’ या नावाने खत म्हणून विकली जात असे.

येथेही नावांचा प्रश्न आडवा येतो. कृषी ग्रंथांत हिला ‘बेसिक स्लॅग’ म्हणतात. धातुशास्त्राच्या निबंधांत ती ‘एलडी स्लॅग’ असते. लिंझ आणि डोनाविट्झ या ऑस्ट्रियातील दोन गावांत १९५० च्या दशकाच्या आरंभी सुरू झालेल्या पद्धतीवरून हे नाव पडले आहे. अन्यत्र ती ‘बीओएफ स्लॅग’ किंवा नुसती ‘स्टील स्लॅग’ असते. धातुशास्त्र ड्युई पद्धतीत ६६९ मध्ये आणि मृदा व खते ६३१ मध्ये. एका बाजूला मळीचे रासायनिक पृथक्करण, दुसऱ्या बाजूला जमिनीच्या सामूवर होणारा तिचा परिणाम. हे दोन्ही एकत्र वाचल्याखेरीज निर्णय घेता येत नाही. सर्व मळी सारखी नसते. भारतीय पोलादाच्या मळीत स्फुरद जुन्या थॉमस मळीइतका असेलच असे नाही आणि क्रोमियम, व्हॅनेडियम यांसारखे जड धातू किती आहेत हे तपासावेच लागते. जुन्या युरोपीय निष्कर्षाच्या आधारे नव्या मळीची शिफारस करणे म्हणूनच अयोग्य ठरेल. मळीचा प्रकार, भट्टीची पद्धत आणि वर्ष सूचीतील नोंदीत स्पष्ट असतील, तर हा भेद वाचकाच्या लगेच लक्षात येतो.

जमिनींच्या नावांचेही तसेच आहे. छत्तीसगडचा शेतकरी जमिनीला भाटा, मटासी, डोरसा आणि कन्हार अशी चार नावे देतो. मुरमाड माळाची जमीन ती भाटा, हलकी पिवळसर ती मटासी, मध्यम ती डोरसा आणि भारी काळी ती कन्हार. रायपूरच्या शोधनिबंधांत याच जमिनींना अनुक्रमे एंटिसोल, इन्सेप्टिसोल, अल्फिसोल आणि व्हर्टिसोल या गटांत ठेवले जाते. ‘भाटा’ हा शब्द ‘भाठा’ असाही लिहितात. भिलाईची आयआयटी ज्या गावी आहे, त्या कुटेलाभाठा या नावात तो दिसतो. शेतकऱ्याचा शब्द आणि शास्त्रज्ञाचा शब्द एकाच नोंदीत असले, तरच प्रयोगातील शिफारस नेमक्या शेतापर्यंत पोहोचते.

शब्दाऐवजी संकल्पनेचा शोध

या सर्व अडचणींवरचे उत्तर ग्रंथालयशास्त्राने फार पूर्वी शोधले आहे. एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ मध्ये कोलन वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध केली. विषय म्हणजे एकसंध पेटी नसून तो वस्तू, गुणधर्म, क्रिया, स्थळ आणि काळ अशा पैलूंनी बनलेला असतो, हा तिचा गाभा. ‘दुर्ग जिल्ह्यातील उतेरा पद्धतीच्या तिवऱ्यातील ओडॅपचे प्रमाण, रब्बी १९९५’ असा विषय घेतला, तर त्यात पीक, द्रव्य, पीकपद्धती, स्थळ आणि हंगाम असे पाच पैलू वेगवेगळे नोंदता येतात. मग वाचक त्यांपैकी कोणत्याही पैलूकडून आला, तरी त्याच नोंदीपाशी पोहोचतो.

या विचाराशी जुळणारे आजचे साधन म्हणजे नियंत्रित शब्दावली. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९८० च्या दशकाच्या आरंभी ‘ॲग्रोव्हॉक’ हा बहुभाषिक कृषी संज्ञाकोश सुरू केला. त्यात आज चाळीस हजारांहून अधिक संकल्पना आणि चाळीसहून अधिक भाषांतील संज्ञा आहेत. या कोशात प्रत्येक संकल्पनेला एक कायम क्रमांक असतो आणि निरनिराळ्या भाषांतील नावे त्या क्रमांकाला जोडलेली असतात. शिवाय प्रत्येक संकल्पनेचा व्यापक, संकुचित आणि संबंधित संकल्पनांशी दुवा असतो. पिकाकडून कडधान्यांकडे, कडधान्यांकडून विषारी द्रव्यांकडे अशी वाट त्यातून निघते. नोंद करणाऱ्याने शब्दाऐवजी हा क्रमांक जोडला, की नावांच्या फरकाने शोध अडत नाही आणि डाळीची लाख व राळेची लाख एकमेकींत मिसळत नाहीत.

नोंदीत काय असावे

डिजिटल वस्तूच्या वर्णनासाठी सर्वाधिक वापरला जाणारा आराखडा ‘डब्लिन कोर’ या नावाने ओळखला जातो. अमेरिकेतील ओहायो राज्याच्या डब्लिन गावी १९९५ मध्ये झालेल्या बैठकीतून तो पुढे आला. त्यात शीर्षक, कर्ता, विषय, वर्णन, प्रकाशक, दिनांक, भाषा, हक्क असे १५ घटक आहेत. शेतीच्या दृष्टीने त्यांतील ‘व्याप्ती’ हा घटक विशेष मोलाचा आहे. संशोधन कोणत्या स्थळाला आणि कोणत्या काळाला लागू आहे, ते त्यात लिहायचे असते. प्रबंधांच्या नोंदींत नेमका हाच रकाना पुष्कळदा रिकामा राहतो. पाणथळ कन्हार जमिनीवरील निष्कर्ष भाटा जमिनीवर लागू पडत नाही, हे शेतकरी जाणतो; संगणकाला मात्र ते सांगावे लागते.

दुसरी गरज कायम पत्त्याची. संकेतस्थळांचे पत्ते बदलतात, म्हणून २००० पासून शोधनिबंधांना डीओआय हा स्थिर क्रमांक दिला जाऊ लागला. प्रबंधांसाठी ‘हँडल’ क्रमांक वापरतात. तिसरी गरज दुरुस्तीच्या नोंदीची. एखादा निबंध मागे घेतला गेला किंवा एखाद्या वाणाची शिफारस रद्द झाली, तर मूळ नोंदीवर तसा उल्लेख हवा.

आणखी एक अडचण केवळ भारतीय भाषांची आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी पुस्तिका श्रीलिपीसारख्या, तर हिंदी पुस्तिका कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये टंकलिखित होत. पडद्यावर ते अक्षर देवनागरी दिसते, पण संगणकाच्या दृष्टीने ती रोमन अक्षरांची निरर्थक रांग असते. अशा फाइली ग्रंथालयात असूनही शोधात येत नाहीत. त्या युनिकोडमध्ये बदलणे, किंवा निदान त्यांचे शीर्षक, सारांश आणि बीजशब्द युनिकोडमध्ये नोंदणे, हे काम कृषी विस्ताराच्या साहित्याबाबत मोठ्या प्रमाणात बाकी आहे.

कोठे शोधावे

भारतीय कृषी विद्यापीठांचे प्रबंध आणि संस्थांचे जुने अहवाल ‘कृषिकोश’ या भांडारात आहेत. ते नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत उभारले गेले. सर्व विद्याशाखांतील पीएच.डी. प्रबंधांसाठी गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचे ‘शोधगंगा’ आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ च्या नियमांद्वारे प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणे बंधनकारक केल्यानंतर ते वाढत गेले. जगभरच्या कृषिसाहित्याची सूची ‘ॲग्रिस’ अन्न व कृषी संघटनेतर्फे १९७० च्या दशकापासून चालते. आयआयटी खरगपूरने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय १९ जून २०१८ रोजी देशाला अर्पण झाले. ते निरनिराळ्या भांडारांतील नोंदी गोळा करून एकाच खिडकीतून दाखवते. अशा नोंदी गोळा करण्याला ग्रंथालयशास्त्रात ‘हार्वेस्टिंग’, म्हणजे कापणी, असाच शब्द आहे. मूळ भांडारात नोंद सदोष पेरली गेली असेल, तर कापणीतही तेच हाती येते.

सशुल्क नियतकालिकांसाठी केंद्र सरकारची ‘एक राष्ट्र एक वर्गणी’ योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली असून तिच्यात सुमारे १३ हजार नियतकालिकांचा समावेश आहे. शासकीय उच्च शिक्षण संस्था आणि केंद्रीय संशोधन संस्था तिच्या लाभार्थी आहेत. गावपातळीवरील कार्यकर्त्याने आपल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाशी संपर्क ठेवल्यास हे साहित्य त्याच्यापर्यंत येऊ शकते.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी काही सूचना

शोध घेण्यापूर्वी पाच मिनिटे कागदावर नावांची यादी करावी. पिकाचे स्थानिक, मराठी, हिंदी, इंग्रजी व शास्त्रीय नाव, तसेच जिल्ह्याचे आजचे व पूर्वीचे नाव लिहून घ्यावे. पहिला शोध शास्त्रीय नावाने आणि नंतरचे स्थानिक नावांनी घ्यावेत. पिकाचा शोध केवळ कृषी भांडारात न थांबवता वैद्यक, पशुवैद्यक आणि रसायन या शाखांतही एकदा डोकवावे. निबंध मिळाल्यावर निष्कर्षाआधी स्थळ, जमिनीचा प्रकार, हंगाम, वाण आणि वर्ष पाहावे. उपयोगी वाटलेल्या प्रत्येक निबंधाचा डीओआय किंवा हँडल क्रमांक वहीत टिपून ठेवावा.

विस्तार कार्यकर्ता हा स्वतःही लेखक असतो. कृषी विज्ञान केंद्रांची प्रात्यक्षिके, शेतावरील चाचण्या आणि प्रगतशील शेतकऱ्यांनी जपलेले वाण यांचे अहवाल दर वर्षी तयार होतात. त्यांचे शीर्षक ‘वार्षिक प्रगती अहवाल’ एवढेच असले, तर ते कोणालाही सापडत नाहीत. शीर्षकात पीक, पद्धत, गाव-तालुका आणि हंगाम असावा. बीजशब्दांत शेतकऱ्याचा शब्द आणि शास्त्रीय संज्ञा दोन्ही द्याव्यात. मजकूर युनिकोडमध्ये टंकावा. यशस्वी न झालेल्या चाचणीचीही नोंद करावी, कारण त्या नोंदीमुळे शेजारच्या जिल्ह्यातील एका शेतकऱ्याचा हंगाम वाचू शकतो. शेतकऱ्यांनीही आपल्याकडील वाणाचे नाव, तो कोठून आला आणि कोणत्या जमिनीत चांगला येतो, एवढी माहिती केंद्राला लिहून द्यावी.

भात कापणीला येण्याआधी गोंदियाच्या बांधीत लाखोरी आणि दुर्गच्या खाचरात तिवरा फेकला जातो. दोन्ही शेतकरी एकच पीक घेतात आणि त्यांचे प्रश्नही एकच असतात. कमी ओडॅपचे बियाणे कोठे मिळेल, ते उताऱ्याला कसे आहे, दाणा खाण्यापूर्वी काय काळजी घ्यावी आणि जनावरांना किती चारा द्यावा, या प्रश्नांवर काम झालेले आहे. ते वेगवेगळ्या राज्यांच्या, विद्यापीठांच्या आणि विद्याशाखांच्या नावे नोंदलेले आहे. नोंदी नीट जोडल्या, तर पुढील पेरणीआधी ते दोन्ही शेतकऱ्यांच्या हाती पडेल.